कामकरी आईचे मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लावणीला चिखलात उतरणाऱ्या, काजू सोलायला जाणाऱ्या, हमरस्त्यावरच्या दुकानांत उभ्या राहणाऱ्या, अशा कितीतरी जणी आपल्या खारेपाटणात आहेत. त्यांतल्या प्रत्येकीपुढे मजुरीच्याही आधी एक प्रश्न असतो : "पोराला कोणापाशी ठेवू?" सासू धडधाकट असली तर निभावते, नाहीतर थोरल्या मुलीची शाळा बुडते. आईच्या मजुरीची किंमत लेक भरते.

ही अडचण सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ साली ती मर्यादा ३० वर आणली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच लहान मुले आली तर त्यांना सांभाळण्यास एका बाईला मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद झाली. परंतु आठ-दहा बायकांच्या काजूच्या शेडला किंवा परक्याच्या शेतातील लावणीला यांतले काय लागू पडणार?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर पोहोचविले. अंगणवाडीचे उपकार मोठे आहेत. तरी ती काही तासांत सुटते आणि मजूर बाई सांजेला परतते. तीन वर्षांखालच्या बाळाला तेथून आहार मिळतो, दिवसभराचा आसरा मिळत नाही.

२०२२ साली 'मिशन शक्ती'खाली आलेल्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची सोय केली आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ती आहे, आणि आई नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही. हे फार महत्त्वाचे. कणकवलीस मुलाखतीला किंवा शिवणवर्गाला जाणारी बाई मूल कडेवर घेऊन कशी जाणार? आधी कामाचा दाखला आणि मग पाळणा, असे म्हटले तर ती दोहोंनाही मुकते.

मूल आईपाशीच वाढावे, असे काही वडीलधाऱ्या म्हणतील. त्यांचा जिव्हाळा मी जाणते. पण जिची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, तिला घरी बसण्याची मुभा कोठे आहे?

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक वाडीतील सहा वर्षांखालची मुले, आईचे काम व तिच्या येण्याजाण्याच्या वेळा यांची यादी मंडळाने करावी. ग्रामसभेपूर्वी महिला सभा भरविण्याची तरतूद कायद्यातच आहे. तेथे ठराव करून तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे मागणी धाडावी. पाळणाघराच्या वेळा कामाच्या वेळांशी जुळाव्यात आणि सांभाळणारीला पोटापुरते मानधन वेळेवर मिळावे, हेही त्यात स्पष्ट लिहावे.

योजना कागदावर आली आहे. तिला आपल्या वाडीची वाट दाखविणे आपल्या हाती आहे.