मोजणीचा भार

खळ्यावर धान्य मापताना आपण दर मापाला एक खडा बाजूला टाकतो. मापणारा एकच असेल तोवर हे सोपे आहे. पण दहा जण मापू लागले आणि खड्यांचा ढीग मात्र एकच राहिला, तर जो तो ढिगापाशी आपल्या पाळीची वाट पाहील. धान्य राहील बाजूला आणि मोजणीतच दिवस मावळेल!

संगणकातही हेच घडते. त्याचा सारा कारभार पाहणाऱ्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नल मेमरीची पाने वाटतो. एक पान बहुधा ४ किलोबाइटचे असते. किती पाने शिल्लक, किती खर्ची पडली, याची नोंदही तोच ठेवतो. आज एका यंत्रात आठ, चौसष्ट, त्याहूनही जास्त कोर एकदम राबतात. साऱ्यांनी एकाच आकड्यात भर घालायची म्हटली, की तो आकडा या कोरकडून त्या कोरकडे सारखा फिरत राहतो आणि बाकीचे खोळंबतात.

मुंबईत अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाका आहे. तिथले मेट्रो स्थानक ८ जून २०१४ ला सुरू झाले. समजा, सकाळच्या गर्दीत तिथल्या प्रत्येक दारावरच्या माणसाने दर उतारूमागे धावत जाऊन एकाच वहीत रेघ ओढायची ठरवली, तर काय होईल? दारेच अडतील. त्यापेक्षा ज्याने त्याने खिशात छोटी वही ठेवावी आणि शंभरेक रेघा झाल्या की बेरीज मोठ्या वहीत मांडावी.

लिनक्सच्या कर्नलने २००६ मध्ये हीच रीत धरली. प्रत्येक कोर आपल्यापुरते मोजतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की मुख्य आकड्यात भर घालतो. ही मर्यादा जास्तीत जास्त १२५ पानांची असते. उरलीसुरली रक्कमही साधारण दर सेकंदाला जमा होते.

पण बरं का, या सोयीलाही किंमत आहे. चौसष्ट कोरच्या खिशात प्रत्येकी १२५ पाने राहिली, तर ८,००० पानांची, म्हणजे सुमारे ३१ मेगाबाइटची चूक संभवते. सुगीत तिचे काही वाटत नाही. टंचाईत मात्र वहीत शिल्लक दिसते आणि कणगी रिकामी निघते! म्हणून २०११ च्या सुमारास अशी सुधारणा झाली, की मेमरी कमी पडू लागली म्हणजे मर्यादा खाली आणायची आणि प्रत्येकाची छोटी वही पाहून खरी बेरीज करायची.

२०२३ मध्ये आणखी एक धडा मिळाला. प्रत्येक कार्यक्रमाच्या मेमरीचा हिशेबही कोरवार ठेवला गेला. त्याने गरज पडेल तेव्हा अचूक आकडा काढता येऊ लागला. पण क्षणात सुरू होऊन क्षणात संपणाऱ्या लहान कार्यक्रमांसाठीही कोरागणिक वह्या उघडाव्या आणि मिटाव्या लागल्या. पुष्कळ कोरच्या यंत्रांवर तो भार जाणवला. एकट्याने चालणाऱ्या कामाला एकच साधी वही पुरे, असा उपाय त्यावर सुचवला गेला.

शिक्षकमित्रांनो, हा प्रयोग वर्गात करून पाहा. चिंचोके मुलांना वाटा. आधी साऱ्यांची नोंद एकाच फळ्यावर करवा, मग ज्याच्या त्याच्या पाटीवर. दोन्ही वेळा घड्याळ लावा. नंतर मध्येच थांबवून विचारा, “आता एकूण किती?” वेग आणि अचूकता यांतली ओढाताण मुलांना आपोआप कळेल. मोजणी कामासाठी असते. काम मोजणीसाठी नसते.