जमेल का, की शिकवलंच नाही?



बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या नोकरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘त्याला जमेल का?’ खरं तर विचारायला हवं, त्याला ते काम नीट शिकवलंय का? अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिव्यांगांसाठीच्या संरक्षित कार्यशाळांतल्या, मध्यम व तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींना सायकलचा 15 भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं. तोंडी सूचना जवळजवळ नव्हत्याच. काम लहान टप्प्यांत विभागलं होतं, आणि काहींना दिलेल्या भागांची, जोडताना समोर येणारी बाजू लाल रंगवली होती. रंगवलेले भाग मिळालेली मुलं बरीच लवकर शिकली. शिकणारी मुलं सारखीच होती. फरक पाडला त्या रंगाने.

आज त्या लाल रंगाचं काम साधा मोबाइल करू शकतो. उपाहारगृहात टेबल मांडायचं असेल तर प्रत्येक टप्प्याचा फोटो, सोबत ओळखीच्या आवाजात मराठी सूचना. वाचता आलंच पाहिजे असं नाही. जेवणाची सुट्टी संपली की गजर. यावर आक्षेप येतो, की अशाने माणूस फोनवरच अवलंबून राहील. पण हात बसला की एकेक फोटो काढून टाकता येतो. आणि एखादा राहिलाच तर बिघडलं काय? आपणही गजर लावूनच उठतो. मालक म्हणतात, एवढा वेळ कोणाला आहे? पण एकदा केलेलं चित्रण पुढच्या प्रत्येक नव्या कामगाराला उपयोगी पडतं. मात्र सामान संपलं, कोणी टिंगल केली, वेळापत्रक अचानक बदललं, तर फोन काही करू शकत नाही. तिथे शेजारचा समजूतदार सहकारी आणि सुरुवातीचे काही आठवडे सोबत राहणारा प्रशिक्षक लागतोच. त्यांचा खर्च वाचवण्यासाठी फोन पुढे करणं ही फसवणूक ठरेल.

भारतात 2011च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे 15 लाख नोंदली गेली. दिव्यांगांसाठीच्या 1995च्या कायद्यातल्या नोकरीच्या आरक्षणात त्यांना जागाच नव्हती. 2016च्या कायद्याने राखीव 4 टक्क्यांपैकी 1 टक्का जागा स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या गटांना मिळून दिल्या. त्या भरणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: उमेदवाराला केवळ लेखी परीक्षेवर तोलू नका. ते काम त्याला प्रत्यक्ष करू द्या, आणि करताना त्याचा फोन त्याच्या हातात असू द्या.