निनावी हातांचे स्मरण : विवियन थॉमस
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा सोहळा साजरा होताना संस्थापक, विश्वस्त व दानशूर यांचे कृतज्ञतेने स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु कोणतीही संस्था केवळ फलकावरील नावांवर उभी राहत नाही. पहाटे मंदिराचे दार उघडणारा, भोजनशाळेत राबणारा, दवाखान्यात उपकरणे स्वच्छ करणारा अशा अनेकांच्या श्रमांवर ती उभी असते. म्हणूनच या प्रसंगी एका अशा माणसाचे चरित्र समोर ठेवणे उचित ठरेल, जो ना जैन होता, ना भारतीय, ना डॉक्टर. तरीही ज्याच्या हातांनी असंख्य बालकांना जीवदान मिळाले.

विवियन थॉमस यांचा जन्म 29 ऑगस्ट 1910 रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील सुतार होते. नॅशव्हिल येथे बालपण गेले आणि सुतारकामाचे शिक्षण घरीच मिळाले. डॉक्टर होण्याची उत्कट इच्छा होती. त्यासाठी पै-पै साठवली होती. परंतु 1929 च्या आर्थिक मंदीनंतर बँक बुडाली आणि शिक्षणाचे स्वप्नही तिच्याबरोबर बुडाले. फेब्रुवारी 1930 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले. काम संशोधन-साहाय्यकाचे, वेतनपटावर नोंद मात्र सफाई कामगाराची!

थॉमस खचले नाहीत. शरीरशास्त्र, रसायने, मोजमापे, शस्त्रक्रियेचे तंत्र हे सारे ते काम करता करता शिकले. गंभीर दुखापतीनंतर रुग्ण का कोसळतो, याचा शोध त्या प्रयोगशाळेत चालला होता. रक्त व द्रव शरीरातील रक्ताभिसरणातून कमी झाल्यामुळे ही अवस्था येते, हे तेथील प्रयोगांतून स्पष्ट झाले. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना रक्त व रक्तद्रव देऊन वाचविण्याच्या उपचारांना या कार्याचा आधार मिळाला.

1941 मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले, ते थॉमस यांना बरोबर घेऊनच. तेथे कृष्णवर्णीयांना सफाईसारखीच कामे दिली जात. पांढरा कोट घालून थॉमस व्हरांड्यातून निघाले की लोक थबकून पाहत.

तेथील बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांच्यापुढे एक यक्षप्रश्न होता. काही बालके जन्मतःच सदोष हृदय घेऊन येत. फुप्फुसांकडे जाणारा रक्ताचा मार्ग अरुंद असल्याने रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नसे. ओठ व नखे निळी पडत, चार पावले चालताच धाप लागे. हाताकडे जाणारी एक धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीस जोडली तर? हे तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध करण्याचे काम थॉमस यांच्यावर आले. त्यासाठी त्यांनी सुया आखूड करून घासून घेतल्या, उपकरणांत बदल केले, शेकडो वेळा टाके घातले.

29 नोव्हेंबर 1944 रोजी अवघ्या पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या बालिकेवर ही शस्त्रक्रिया झाली. शस्त्र ब्लॅलॉक यांच्या हाती होते. पण त्यांच्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे राहून थॉमस पदोपदी मार्गदर्शन करीत होते. ती बालिका पुढे काही महिन्यांनी दगावली. परंतु मार्ग सापडला होता. वर्षभरात दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मात्र थॉमस यांचे नाव कोठेही नव्हते. घरखर्च भागविण्यासाठी ते ब्लॅलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत पेये वाढण्याचे कामही करीत. दिवसा ज्यांना शिकविले, त्यांतील काहींनाच सायंकाळी पेले द्यावे लागत.

येथे जैन श्रोत्यांनी एक प्रश्न टाळता कामा नये. हे तंत्र सिद्ध करताना सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग झाले. बालकांचे प्राण वाचले म्हणून ती हिंसा हिंसा नव्हती, असे आपले शास्त्र म्हणणार नाही. ॲना नावाची कुत्री या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगली आणि तिचे चित्र हॉपकिन्सच्या भिंतीवर लागले. मुक्या जीवाच्या ऋणाची ती एक लहानशी कबुलीच. हिंसेचे मूळ प्रमादात आहे, असे जैन आचारशास्त्र सांगते. प्राण्यांऐवजी अन्य पर्याय वापरावेत, संख्या कमी करावी, वेदना टाळाव्यात, हा विचार 1959 पासून विज्ञानानेही मांडला. औषधदान करणाऱ्या समाजाने हा विचार पुढे नेला पाहिजे. ज्या औषधाने आपण बरे होतो, त्यामागील जीवांचे ऋण विसरणे हादेखील प्रमादच होय.

थॉमस यांचे दुसरे मोठे कार्य अध्यापनाचे. पुढे जगद्विख्यात झालेले डेन्टन कूली यांच्यासारखे शल्यचिकित्सक त्यांच्या हाताखाली टाके घालण्यास शिकले. कृष्णवर्णीय तरुणांना त्यांनी प्रयोगशाळा-तंत्रज्ञ म्हणून घडविले. लिफ्ट चालविणारा एक कर्मचारी त्यांच्या शिकवणीने हृदयशस्त्रक्रिया विभागात साहाय्यक झाला. आपल्याला नाकारले गेलेले ज्ञान त्यांनी इतरांना हात न राखता दिले. ज्ञानदानाचे याहून उत्तम उदाहरण कोणते?

1971 मध्ये त्यांच्याकडे शिकलेल्या शल्यचिकित्सकांनी त्यांचे तैलचित्र संस्थेस अर्पण केले. ते ब्लॅलॉक यांच्या चित्राशेजारी लागले. 1976 मध्ये विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, तीही वैद्यकशास्त्राची नव्हे, विधी शाखेची. त्याबरोबर अध्यापक म्हणून नियुक्तीही झाली. 1979 मध्ये ते निवृत्त झाले. 26 नोव्हेंबर 1985 रोजी त्यांचे देहावसान झाले. आत्मचरित्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ब्लॅलॉक व टॉसिग यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेस आज अनेक ठिकाणी थॉमस यांचेही नाव जोडले जाते.

आपल्या शास्त्रांनी आठ मद सांगितले आहेत. त्यांत जातिमद आहे, कुलमद आहे, ज्ञानमदही आहे. या तिन्हींनी मिळून एका गुणी माणसाचे नाव तीन दशके झाकून ठेवले. पर्युषणात उत्तम मार्दव धर्माची पूजा करणाऱ्या समाजाने आपल्या घरी, दुकानात, रुग्णालयात व याच ट्रस्टमध्ये पाहावे की अशी किती नावे आपण झाकून ठेवली आहेत. पुढील पन्नास वर्षांच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी सेवकांचीही नावे असावीत. त्यांची मुले शिकावीत, यासाठी निधीचा एक वाटा असावा. थॉमस यांना मिळालेला सन्मान फार उशिरा मिळाला. आपल्या सेवकांच्या बाबतीत तो वेळेवर देणे आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र!