खाता येणारे वेष्टन



मालाबरोबर त्याचे वेष्टनही खाऊन टाकावे, ही कल्पना सध्या फार ऐकू येते. महाराष्ट्रात २०१८ साली आणि देशभर २०२२ साली प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली, तेव्हापासून तिला भलताच भाव आला आहे. अशा वेष्टनांपैकी एकाची, जिलेटिनच्या पापुद्र्याची, आज आम्ही उलटतपासणी घेणार आहोत.

जिलेटिन जनावरांच्या कातड्यांतून आणि हाडांतून निघते. हाडे आधी आम्लात, मग पुष्कळदा कित्येक आठवडे चुन्याच्या पाण्यात मुरवतात आणि शेवटी गरम पाण्यात त्यांचा अर्क उतरवतात. (ज्यांना हे खायचे नाही, त्यांना ते पाकिटावर ठळक वाचायला मिळाले पाहिजे, हे ओघाने आलेच.) हा द्राव पातळ पसरून वाळवला की काचेसारखा पापुद्रा मिळतो, पण दुमडायला जावे तर कटकन मोडतो. संपात दरवाजापुढे हातात हात गुंफून माणसे उभी राहतात, तसे प्रथिनांचे लांब धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. ताण आला तरी सरकायला जागाच नाही. तिथे ग्लिसरिन घातले की ते धाग्यांच्या मध्ये शिरते, काही हात सोडवते आणि पापुद्रा वाकू लागतो. अशा द्रव्याला कारखान्यात प्लॅस्टिसायझर म्हणतात.

याचा पडताळा घरच्या औषधांत आहे. माशाच्या तेलाची गोळी बोटांत दाबली तर दबते, कारण तिच्या सालीत ग्लिसरिन किंवा सॉर्बिटॉल असते. दोन टोपणांची कॅप्सूल कडक असते. तिला सांभाळते ते अंगातले १३ ते १६ टक्के पाणी. ते फार उडाले की तीही तडकते.

म्हणजे पाणीसुद्धा प्लॅस्टिसायझरच! खरी अडचण इथेच आहे. ग्लिसरिन वाढवावे तसा पापुद्रा अधिक ताणला जातो, पण तेवढाच कमी भार सोसतो. शिवाय ग्लिसरिन हवेतले पाणी ओढते, आणि ते पाणी त्याला आणखी ढिला करते. सॉर्बिटॉल पाणी कमी ओढते आणि पापुद्र्याची ताकद बरीच टिकवते, पण त्याने ताण कमी घेतला जातो, आणि काही काळाने त्याचे खडे धरू शकतात.

प्रयोगशाळेत असल्या पट्ट्या बहुधा ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवून मग ताणून पाहतात. रत्नागिरीत आषाढात हवा ८०-९० टक्क्यांवर असते! नागपूरच्या मे महिन्यात कुरकुरीत मोडणारी पिशवी तिथे हाताला चिकटेल. आणि पिशवी फाटली की पहिला जाब हमालाला विचारला जातो, मिश्रण ठरवणाऱ्याला नव्हे. म्हणून ‘किती ताणते’ एवढाच आकडा कोणी पुढे केला, तर किती आर्द्रतेला आणि किती भाराला, हे आम्ही विचारतो.

भाजीची पिशवी या पापुद्र्याची होणार नाही, असे आमचे मत आहे. कॉफीची किंवा कोरड्या सुपाची पुडी मात्र होईल. पापुद्रा कोरडा असेतो तेल आणि प्राणवायू चांगला अडवतो, आणि गरम पाण्यात पुडी सबंध टाकली की विरघळते. तोवर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागेल.