रुमाल सोडण्याआधी

मी जयपूरच्या मालवीय नगरातून बोलतोय. माझ्या बाजूला टेबलावर लाल कापडाचं एक गाठोडं दिसतंय ना, त्याला दफ्तराच्या भाषेत रुमाल म्हणतात. आमच्या घराण्याची मोडीतली कागदपत्रं त्यात बांधलेली आहेत. पणजोबांच्याही आधीपासूनची. आजचं बोलणं घरच्या कागदांबद्दल आहे, आणि सुरुवात मी माझ्या चुकीपासून करणार आहे.

आजी गेल्यावर ग्वाल्हेरचं घर रिकामं केलं, तेव्हा हा रुमाल माझ्याकडे आला. मी उत्साहानं गाठ सोडली. लहान कागद एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला, फाटलेल्यांना चिकटपट्टी. दोन दिवसांत सगळं कसं नीटनेटकं! मोडी वाचणारे एक जाणकार पुढे घरी आले. ते कागद पाहून गप्प बसले. मग म्हणाले, "अहो, हे ज्या क्रमानं बांधलेलं होतं, तो क्रम कुठे लिहून ठेवलाय का?" नव्हता ठेवला.

क्रमाचं एवढं काय, असं मलाही वाटलं होतं. जुन्या सरकारी मराठी कागदांवर साल बहुधा सुहूर सनात, तेही अरबी शब्दांत येतं. 'समानीन मया व अलफ' म्हणजे ऐंशी, शंभर आणि हजार. सुहूर सन ११८०, म्हणजे इसवी सन १७७९-८०. हे कळलं की काम सोपं. पण घरगुती पत्रात बरेचदा साल नसतंच, फक्त महिना, पक्ष आणि तिथी. मग साल ठरवायचं कसं? त्याच्या वर कोणता कागद होता, खाली कोणता होता, यावरून. म्हणजे शेजारचे कागद साक्ष देतात. ते साक्षीदार मी स्वतःच्या हातानं पांगवले.

आमच्या रुमालात एका बाईचं पत्र आहे. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. श्रावण वद्य पंचमी, एवढीच तारीख. भावाला विनवलंय, की मला न्यायला कुणाला तरी पाठवा, इथे माझे हाल आहेत. नाव नाही, 'तुमची बहीण' एवढंच. ही बहीण कुठल्या पिढीतली? तिला न्यायला कुणी गेलं का? उत्तर कदाचित त्याच्याच खालच्या कागदात असेल. पण खालचा कागद कोणता, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

आता थोडं मोठ्या घरांकडे पाहू. नाना फडणीस १७४२ साली जन्मले, १८०० साली गेले. त्यांच्याच काळात अमेरिकेत जॉन अ‍ॅडम्स होते, त्या देशाच्या संस्थापकांपैकी एक आणि दुसरे राष्ट्राध्यक्ष. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही, पण दोघांची गाठ इंग्रजांशी पडली आणि जवळजवळ एकाच वेळी सुटली. इंग्रज-मराठा युद्ध संपवणारा सालबाईचा तह १७८२चा. त्याला पुण्याहून नानांची मान्यता मिळाली १७८३च्या सुरुवातीला. अमेरिकेचं स्वातंत्र्य इंग्लंडनं मान्य केलं तो पॅरिसचा तहही १७८३चाच. त्यावर अ‍ॅडम्सची सही आहे.

दोघेही कागद जपणारे. १७७६ साली अ‍ॅडम्सनं पत्रांच्या नकला ठेवायला वही केली आणि बायकोलाही पत्रं सांभाळायला सांगितलं. तिचं नाव अ‍ॅबिगेल. ती उलट त्याला, माझी पत्रं जाळून टाका, असं लिहायची. त्यानं जाळली नाहीत. नव्या देशाचे कायदे करताना बायकांचा विचार करा, असं तिनं ३१ मार्च १७७६ रोजी नवऱ्याला बजावलं होतं. ते पत्र आज त्या देशाच्या इतिहासात मानानं बसलंय. बायकोच्या घरगुती पत्रांत काय असायचंय, असं म्हणून कुणी ती चुलीत घातली असती तर? नवराबायकोची अकराशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत.

पुढच्या पिढ्यांनी काय केलं, ते आपल्या कामाचं आहे. वारस वाढले, तशी कागदांची वाटणी व्हायची भीती आली. तेव्हा १९०५ साली त्यांनी कागदांचा न्यास केला. कागद एकत्र राहिले, पण बाहेरच्यांना सहज पाहता येत नव्हते. अखेर १९५६ साली सगळा संग्रह बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकला. त्याच सुमारास त्याची मायक्रोफिल्म निघाली, तिची रिळं भरली ६०८.

नानांच्या कागदांचा प्रवास वेगळा. वाईजवळ कृष्णेकाठी मेणवलीला त्यांचा वाडा आहे, तिथे हे दफ्तर होतं. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ते मिळवलं, साताऱ्याच्या आपल्या संग्रहात ठेवलं. १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. आज 'मेणवली दफ्तर' म्हणून अभ्यासक ते तिथे पाहतात. वाड्यातून साताऱ्याला, साताऱ्याहून पुण्याला. मधे एखादा माणूस ढिला पडला असता तर?

हे सगळं वाई-पुण्याकडचं, असं राजस्थानात बसून म्हणायची सोय नाही. कोट्याला गुळगुळे घराणं होतं. शिंद्यांच्या वतीनं तिकडचा वसुलीचा आणि बोलणीचालणीचा कारभार ते पाहत. त्यांच्या घरचं दफ्तर मोडीत. त्यातली पत्रं आनंदराव भाऊ फाळक्यांनी ग्वाल्हेरहून 'शिंदेशाही इतिहासाची साधने' या नावानं छापली. त्या दफ्तराच्या नकला माळव्यात सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानातही आहेत. आमच्या जयपूरच्या आग्नेयेला तुंगा गाव आहे. १७८७च्या जुलैत महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरची फौज तिथे लढली. आपल्याकडे तिला लालसोटची लढाई म्हणतात. महादजींना मागे हटावं लागलं. त्या काळाची एक बाजू मराठी पत्रांत आहे. दुसरी जयपूर दरबाराच्या कागदांत, जे आज बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहेत. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय खरं काय झालं ते कळत नाही. एका कारभारी घराण्यानं कागद टिकवले म्हणून निदान आपली बाजू बोलते आहे.

आता परत माझ्या टेबलावर येतो. गेल्या दिवाळीत चुलतभावाचा फोन आला. "दादा, कागद सगळ्यांचे आहेत. तीन वाटे करू, ज्याचे त्याच्याकडे." त्याचं म्हणणं हक्काचं होतं. पण दागिन्यांचे तीन वाटे झाले तरी सोनं सोनंच राहतं, कागदांचं तसं नाही. सवाल एका घरात आणि जवाब दुसऱ्या घरात गेला, की दोन्ही मुके. आधीच मी एकदा पांगवलेत, आता कायमचे पांगले असते. वहिनींची काळजी वेगळी होती. एका कर्जाच्या भानगडीचे कागद त्यात आहेत, घराण्याची अब्रू जाईल म्हणून. मी त्यांना अ‍ॅडम्सांची गोष्ट सांगितली. त्यांनीही पन्नास वर्षं दार लावूनच ठेवलं होतं. कागद देताना, अमुक वर्षं हे उघडू नका, अशी अट घालता येते का ते संस्थेला विचारता येतं. जाळलेला कागद मात्र कुठल्याही अटीवर परत येत नाही.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो, क्रमांक घालून, तिन्ही घरांत. मूळ रुमाल अखंड, एका सार्वजनिक संस्थेकडे. यादी होईपर्यंत माझ्याकडे.

तुमच्या माळ्यावर असं गाठोडं असेल, तर एवढंच करा. गाठ सोडण्याआधी बाहेरून फोटो काढा. एकेक कागद वरून उचलाल तसा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, कागदावर नाही. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. वाळवी आणि ओल यांपासून लांब ठेवा. मोडी येत नसेल तर घाबरू नका, शिकवणारे वर्ग आजही चालतात. मी साठीनंतर शिकलो. आणि घरात कुणी वडीलधारं असेल, तर हे आजच विचारून घ्या. माझ्या आजीला त्या बहिणीचं नाव कदाचित माहीत होतं. रुमाल तिच्या डोक्यावरच्या फळीवर चाळीस वर्षं होता, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही.

यादीत ते पत्र सध्या क्रमांक ११७ आहे. साल रिकामं, नाव रिकामं. त्या रकान्यात मी 'अज्ञात' लिहिलेलं नाही. जागा मोकळी ठेवली आहे.