गाडी थरथरते कधी, ते आधी पाहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले. आता तो कापूस वाहणाऱ्या गाडीवर थोडे बोलू. हा काय बैठकीचा विषय, असे कुणाला वाटेल. पण घरातला कापूस जिनिंगला पोचेपर्यंत जो पैसा गळतो, त्यात गाडीच्या दुरुस्तीचा वाटा लहान नाही.

आमच्या गटाची जुनी पिकअप वेचणीच्या हंगामात थरथरू लागली. रिकामी असली तर फारसे कळत नसे. कापूस भरून रेस दिली की सीटखालून हादरे येत. आम्ही मागचे दोन टायर बदलले. थरथर तशीच. मग क्लचप्लेट बदलली. तरी तशीच. शेवटी दोष सापडला तो प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये. ग्रीस न मिळाल्याने तो कोरडा पडून झिजला होता. म्हणजे दोन मोठे खर्च वाया, आणि खरा दोष त्याहून स्वस्त. मिस्त्र्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आम्ही त्याला ‘गाडी थरथरते’ एवढेच सांगितले होते. कधी थरथरते, हे आम्हीच पाहिले नव्हते.

आणि आम्ही कोण? शेतकीचे पदवीधर! कपाशीचे पान लाल पडले की आम्ही गावोगाव सांगत फिरतो : बाबांनो, लाल्या म्हणून लगेच फवारू नका. मॅग्नेशियम कमी असेल, नत्र कमी असेल, तुडतुडे असतील, पाणी साचले असेल, रात्री थंडी पडली असेल. कारण वेगळे, तर उपाय वेगळा. दुसऱ्याच्या शेतात हे शहाणपण, आणि स्वतःच्या गाडीवर मात्र आम्ही न बघता फवारणी केली.

म्हणून पुढच्या वेळी पैसे काढण्याआधी गाडीला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : उभ्या गाडीत थरथर येते का? न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू रेस वाढवा. इथेच हादरे आले तर दोष इंजिनाकडे : इंजिनाखालचे रबरी माउंटिंग तुटले असेल किंवा एखादा सिलिंडर नीट काम करत नसेल. मग टायरकडे जाऊ नका.

दुसरा प्रश्न : थरथर वेगाशी बांधलेली आहे की गिअरशी? मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाने चालवावे, दुसऱ्याने शेजारी बसून काटा पाहावा. कोणत्याही गिअरमध्ये ती त्याच वेगाला येत असेल, तर दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाके तपासा. सीट आणि तळ हलत असेल तर मागची चाके आणि शाफ्ट. आणखी एक खूण आहे. चाक एकदा फिरते तेवढ्यात शाफ्ट साधारण चारदा फिरतो. म्हणून चाकाचा हादरा सावकाश, डुलल्यासारखा असतो. शाफ्टचा बारीक, गुणगुणल्यासारखा असतो.

तिसरा प्रश्न : पाय काढला की थांबते का? रेस देताना थरथर आणि पाय उचलताच शांत, असे असेल तर क्रॉस, शाफ्टचे मधले सेंटर बेअरिंग किंवा माउंटिंग पाहा. जागेवरून गाडी उचलतानाच तेवढी थरथरत असेल तर क्लचही तपासावा लागेल.

आता शाफ्टचे कोडे समजून घ्या. रोटाव्हेटर चालू असताना जास्त उचलला की पी.टी.ओ. शाफ्ट कसा खडखडतो, हे तुम्ही पाहिले आहे. क्रॉस वाकड्या कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक भरून काढतो, पण दोन्ही टोके एका रेषेत जुळलेली असतील तरच. पिकअपचेही तेच. जास्त माल वाहायला मागे जादा पाटा घातला की शाफ्टचा कोन बदलतो आणि नवीन थरथर सुरू होते.

तपासणी फुकट आहे. आधी चाकांचे नट आवळा आणि हवा बघा. पावसाळ्यात रिमच्या आतून काळी चिकण माती बसते, वाळते, आणि चाकाचा तोल जातो. ती खरवडून धुवा. कित्येकदा दुखणे तिथेच संपते. मग गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, किल्ली खिशात, चाकांना पुढे-मागे दगड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये. शाफ्ट हाताने वर-खाली आणि उलटसुलट हलवा. क्रॉसच्या जागी ढिलेपणा लागला, किंवा त्याच्या टोप्यांभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली, की क्रॉस गेला समजा. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का तेही बघा.

शाफ्ट उतरवायचा तर उतरवण्याआधी प्रत्येक जोडावर रंगाची रेघ ओढायला मिस्त्र्याला सांगा. बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. एक दाता इकडचा तिकडे झाला तरी नव्या क्रॉसनेही गाडी थरथरेल. क्रॉसला ग्रीसचे निपल असेल तर चारही टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा.

हे काम ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणून टाळू नका. क्रॉस तुटला की फिरता शाफ्ट खाली कोसळतो आणि ब्रेकच्या पाइपांवर आपटू शकतो. त्या वेळी मागे नुसता कापूस किंवा कडबा असेलच असे नाही. वेचणीला निघालेल्या आपल्याच गावच्या बायाबापड्या त्यात बसलेल्या असतात.

तेव्हा प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. थरथर कधी येते, कोणत्या वेगाला, भरलेली असताना की रिकामी, ते लिहा. गॅरेजमध्ये ती वही मिस्त्र्यापुढे ठेवा. पीक असो की गाडी, आधी निदान, मग खर्च, एवढे पथ्य आपण पाळू या.