पहिल्यांदा कशात बसायचं?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बचत गटांमधल्या आम्ही बाया. एरवी या वेळेला आपण कर्जाचे हप्ते, शेळ्यांची लस, रेशनकार्डातली नावं असं बोलत असतो. आज सहलीविषयी बोलू या.

परीक्षा संपल्या की पोरांचा लकडा सुरू होतो, "आई, या वर्षी इमॅजिकाला जाऊ या ना!" वर्गातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं आणि त्याच्या गोष्टी संपत नसतात. मग आपण थोडेथोडे पैसे बाजूला टाकतो, एक दिवस ठरवतो आणि घर निघतं. आत शिरल्यावर चारी दिशांना काहीतरी फिरत असतं, कुठूनतरी किंकाळ्या येत असतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात. पहिल्यांदा कशात बसायचं? प्रश्न एवढासा आहे, पण पुढचा दिवस कसा जाणार हे बरंचसं त्यावर ठरतं.

इमॅजिका आपल्या खालापूर तालुक्यातच आहे, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला. एप्रिल २०१३ मध्ये ते सुरू झालं. त्याआधी असली मजा म्हणजे मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ पासूनचं, पण आपल्याकडून जायचं तर अख्खा दिवस प्रवासातच जायचा. आता कर्जतहून खोपोली लोकल पकडली की पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोली येते आणि पुढे रस्त्याने जाता येतं. जवळ असूनही आपल्या गावांतल्या कितीतरी घरांनी ते बाहेरूनच पाहिलंय, कारण चार माणसांचं घर आत गेलं की काही हजार रुपये जातात.

पाळण्यात बसणं आपल्याला नवीन नाही. कार्तिकी एकादशीला साजगावची बोंबल्या विठोबाची जत्रा भरते, तिथे सुके बोंबील घेता घेता आपण आकाशपाळण्यातही बसतो. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी तर १९०७ पासून वळणं घेत डोंगर चढते आहे. पण जत्रा आणि असं पार्क यांत दोन फरक आहेत.

जत्रेत एकेका पाळण्याचे वेगळे पैसे. आपण खाली उभं राहून बघतो, तो किती वर जातो, किती जोरात फिरतो, आणि मग पैसे काढतो. पार्कात एका तिकिटात बहुतेक सगळ्या राईड येतात. त्यामुळे आत पाऊल टाकल्याबरोबर एकच विचार डोक्यात बसतो, पैसे वसूल झाले पाहिजेत. मग नको असलेल्या राईडमध्येही माणूस बसतो. दुसरा फरक असा, की इथल्या कितीतरी राईड बंद इमारतीत आहेत. आत काय होतं ते बाहेरून दिसत नाही, नुसतं नाव आणि चित्र दिसतं. म्हणून कुठल्या राईडमध्ये अंगाला काय होतं, ते आधी समजून घेऊ.

पहिला प्रकार उंचावरून सुसाट सुटणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे रोलर कोस्टरचा. इमॅजिकातली नायट्रो ही त्यातली सगळ्यात मोठी, सुमारे ४० मीटर उंच. बारा-तेरा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. तिच्यात पायाखाली फळी नसते, पाय लोंबकळत असतात आणि गाडी आपल्याला उलटंसुद्धा करते. अशा गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. तिला एकदा वर ओढून सोडून देतात, पुढचं काम उताराचं. गाडी खाली झेपावते तेव्हा आपण आणि आपली सीट एकाच वेगाने खाली जातो. पोटातल्या आतड्यांनाही क्षणभर खालून आधार मिळत नाही. पोटात गोळा आला असं आपण म्हणतो, तो हाच. त्यात धोका नाही, पण ज्याला तो सहन होत नाही त्याला खरंच होत नाही.

दुसरा प्रकार पडद्याच्या राईडचा. मिस्टर इंडिया ही त्यातली. सीट जागच्या जागी हलते आणि समोरच्या पडद्यावर आपण धावतोय असं दिसतं. डोळे सांगतात की आपण पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण बसलोय. या दोघांचं जमलं नाही की मळमळतं. घाटात एसटीमध्ये काहींना उलटी होते, त्याचं कारणही हेच, फक्त उलट बाजूने. तिथे अंग हलत असतं आणि डोळे गाडीच्या आतच खिळलेले असतात.

तिसरा प्रकार अंधाराचा. सलीमगडसारखी भुताखेतांची सफर यात येते. वेग फार नसतो, पण लहान मूल रात्री त्याच आठवणीने दचकून उठू शकतं. चौथा प्रकार पाण्याचा. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचरमध्ये होडी वरून पाण्यात येते. गुजरातमध्ये सापडलेल्या एका डायनासोरला २००३ साली राजासॉरस नाव दिलं गेलं, त्याच्यावरून हे नाव आहे. पोरांना हे आधी सांगून ठेवा, त्यांना आवडतं. पण सकाळी सकाळी यात बसलात तर ओल्या साडीने किंवा ओल्या ड्रेसने दिवस काढावा लागेल. ही राईड दुपारच्या उन्हाला ठेवा.

आणि पाचवा प्रकार सगळ्यांनी मिळून बसायचा. मॅजिक कॅरोसेल म्हणजे आपला घोड्यांचा गोल पाळणा. अलिबाबा और चालीस चोर मध्ये गाडीत बसून नेम धरायचा असतो. आय फॉर इंडिया मध्ये खुर्च्या पुढे सरकतात आणि मोठ्या पडद्यावर आपला देश उडत उडत पाहिल्यासारखा दिसतो. ती पडद्याची आहे आणि पायही अधांतरी राहतात, म्हणून उंचीला घाबरणाऱ्याला आधी सांगावं.

आता पहिली राईड निवडायची कशी? ते आदल्या रात्री घरीच, जेवताना ठरवा. प्रत्येकाला चार गोष्टी विचारा. जत्रेतल्या आकाशपाळण्यात वर गेल्यावर कसं वाटतं? बोरघाटात गाडीत मळमळतं का? अंधाराची भीती वाटते का? मोठ्या आवाजाचा त्रास होतो का? आजीलाही विचारा, सहा वर्षांच्या पोरालाही विचारा. घाटात ज्याला उलटी होते, त्याची सुरुवात पडद्याच्या राईडने करू नका. आकाशपाळण्यात जो डोळे मिटून घेतो, त्याला थेट नायट्रोखाली नेऊन उभं करू नका.

आमचं म्हणणं असं, की पहिली राईड घरातल्या सगळ्यात धीट माणसाच्या मनाची नको, सगळ्यात कचरणाऱ्या माणसाला जमेल अशी हवी. आणि तिच्यात घरातलं प्रत्येक माणूस बसलेलं हवं. लहान मूल एकदा हसत हसत खाली उतरलं की दुसऱ्या राईडला तेच हात धरून ओढत नेतं. पहिल्यालाच घाबरलं, तर घोड्यांच्या पाळण्यातही बसायला तयार होत नाही. मग दिवसभर कुणीतरी एक जण त्याला घेऊन बाहेर बसतं.

हे बाहेर बसणारं माणूस कोण असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्याही अशा ठिकाणी जाऊन बघा. राईडच्या बाहेरच्या बाकावर ओळीने बाया बसलेल्या असतात. मांडीवर पिशव्या, हातात चपला, गळ्यात दुसऱ्याची पाण्याची बाटली. तिकीट तिचंही काढलेलं असतं. कित्येकदा ते पैसे तिच्याच बचतीतले असतात. तिला कुणी बसू नको म्हटलेलं नसतं. फक्त सुरुवातीलाच कुणीतरी म्हणतं, "हे जरा धर गं," आणि ते धरलेलं संध्याकाळपर्यंत सुटत नाही. म्हणून पहिली राईड सगळ्यांची असावी. पिशव्यांसाठी भाड्याने लॉकर मिळतं. चार जणांत त्याचं भाडं फार जड होत नाही. लॉकर घ्यायचं नसेल, तर पिशव्यांची पाळी लावा. एका राईडला बाबा, एका राईडला काका, मोठा मुलगाही चालेल.

कुणी म्हणेल, सकाळी मोठ्या राईडला रांग कमी असते, आधी तीच उरकावी. म्हणणं खोटं नाही. जे दहा वेळा जाऊन आलेत, त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्या घराने आधी एक राईड मिळून करावी. तिला वेळ फार लागत नाही. मग दोन गट करावेत. ज्यांना नायट्रो हवी त्यांनी खुशाल तिकडे पळावं, बाकीच्यांनी आपलं बघावं, आणि जेवायला एका ठरलेल्या जागी भेटावं. आमच्या गटातल्या एका घराने असंच केलं. सगळे मिळून घोड्यांवर बसले, सासूबाईसुद्धा. नंतर सासूबाई आणि नातू अलिबाबाकडे गेले, सून आणि तिची नणंद मोठ्या गाडीत बसल्या. सून बारावीत असताना आकाशपाळण्यात उभी राहून ओरडायची, हे तिच्या घरात त्या दिवशीच सगळ्यांना कळलं.

आता नकाराविषयी. मूल नको म्हणालं तर त्याला भित्रा म्हणू नका. "मुलगा असून रडतोस?" हे वाक्य तर नकोच. पोरगी पुढे होत असेल तर "तू कशाला, खाली बस" असंही म्हणू नका. धीट कोण आणि भित्रं कोण, हे मुलगा-मुलगी बघून ठरत नाही.

आणि मोठ्या बाईचा नकारसुद्धा कारण न विचारता मान्य करा. का, ते सांगतो. गरोदर बाईने झटक्यांच्या, आपटणाऱ्या, उंचावरून पडणाऱ्या राईडमध्ये बसायचं नसतं. तसा फलकही लावलेला असतो. पण पहिल्या एक-दोन महिन्यांत तिने ते घरात सांगितलेलंच नसतं. रांगेत दहा जणांसमोर "का नाही? चल की!" असा आग्रह झाला, तर तिने करायचं काय? एक तर सगळ्यांसमोर सांगायचं, नाही तर जीव मुठीत धरून बसायचं. दोन्ही वाईट. कुणाची पाळी असते, कुणाचं पोट दुखत असतं, कुणाचं नुकतं ऑपरेशन झालेलं असतं आणि त्याविषयी बोलायचं नसतं. म्हणून आदल्या रात्रीच नियम करा, नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. हृदयाचा त्रास, जास्त रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं असलेल्यांनी मोठ्या राईड सोडाव्यात. शंका असेल तर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

थोडं कपड्यांचं. साडी नेसायचीच असेल तर पदर नीट खोचून पिन लावा. ओढणी काढून लॉकरमध्ये ठेवा, मोकळे केस बांधा. फिरत्या भागात ओढणी किंवा केस अडकले तर जिवावर बेततं. हे जत्रेतल्या पाळण्यालाही तितकंच लागू आहे. मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या. फोन आणि चष्मा हातात धरून बसू नका. पायांत मागे पट्टा असलेल्या चपला घाला. उंचीची पट्टी दारात असते. मूल दोन बोटांनी कमी भरलं तर टाचा उंच करायला शिकवू नका. अडकवायचा दांडा मोठ्या अंगाच्या मापाचा असतो, लहान अंग त्यातून निसटू शकतं. मुलाची उंची घरीच मोजा आणि कुठल्या राईडला किती लागते ते फोनवर आधी बघून घ्या, म्हणजे रांगेच्या टोकाला रडारड होत नाही. कुठली राईड बंद आहे, तेही आत शिरतानाच विचारा.

सकाळी पोटभर मिसळ खाऊन जाऊ नका, पण उपाशीही जाऊ नका. थोडे पोहे किंवा भाकरी पुरे. राईडमध्ये डोकं मागे टेकवून बसा. खऱ्याखुऱ्या धावणाऱ्या गाडीत डोळे उघडे ठेवून पुढे बघा, म्हणजे कमी गरगरतं. पडद्याच्या राईडमध्ये मळमळलं तर उलट करा, डोळे मिटून घ्या. पडदा दिसेनासा झाला की डोळे आणि कान यांचं भांडण बरंचसं मिटतं.

मैत्रिणींनो, यंदा इमॅजिकाला जाणं कुणाला जमेल, कुणाला नाही जमणार. साजगावची जत्रा तर कार्तिकात आहेच. कुठेही जा, पहिल्या पाळण्यात सगळं घर एकदम बसवा. आणि कुणी "हे जरा धर गं" म्हणालं, तर हसून सांगा, "आधी मी बसून येते, मग धरते."